गोरमाटीसाठी स्पेलचेकर : किती शब्दांवर सुरुवात करावी?

सातरस्ता | शुक्रवार, रात्री ९:१२

सोलापूरच्या आसपासच्या तांड्यांवर बोलतात त्या गोरमाटीसाठी (लमाणी म्हणा, बंजारा म्हणा, गोरबोली म्हणा) लिब्रेऑफिसमध्ये (मोफत ऑफिस सॉफ्टवेअर) चालेल असा स्पेलचेकर करायचा आहे. लिपी देवनागरी. साहित्य असं: ढावलो आणि लेंगी गीतांच्या ६ पुस्तिका, पैकी ४ श्रीलिपीत (युनिकोडशी न जुळणारे जुने फॉन्ट) टाइप झालेल्या, २ फक्त छापील, शिवाय लिहिणाऱ्यांना विचारून घेतलेले व्हॉट्सॲपवरचे लांब संदेश. सगळे मिळून ४० हजारांच्या आसपास शब्द भरतील.

यादीत किमान किती शब्द हवेत? हनस्पेल (लिब्रेऑफिसचं शब्द तपासायचं इंजिन) पुरेल का? आणि एकच शब्द तिघांनी तीन तऱ्हांनी लिहिलेला असेल तर बरोबर कुठला धरायचा?

काना_मात्रा | शुक्रवार, रात्री ९:४८

यादीत किती शब्द, याला फारसा अर्थ नाही. यादीनं आधी न पाहिलेल्या मजकुरातले किती शब्द ती ओळखते, ते मोजा. हिशोब सोपा आहे. समजा १००० शब्दांचा मजकूर आहे आणि त्यात खरोखर चुकलेले शब्द ३०. उरलेल्या ९७० पैकी यादी ९५ टक्के ओळखत असेल तर ४८-४९ बरोबर शब्दांखाली लाल रेघ येणार. म्हणजे पानावरच्या ७८ लाल रेघांपैकी ४८ खोट्या. माणूस असला तपासनीस दुसऱ्या दिवशी बंद करून टाकतो. तेच प्रमाण ९९ टक्क्यांवर नेलं की खोट्या रेघा १० आणि खऱ्या ३०. तिथून पुढं लोकांचा विश्वास बसायला लागतो.

मोजताना एक गफलत सर्रास होते. ज्या मजकुरातून यादी काढली त्याच्यावरच चाचणी घेतात आणि आकडा बघून खूश होतात. ५००० शब्द पहिल्या दिवशीच बाजूला काढून कुलूप लावून ठेवा. तेही सगळीकडून थोडे थोडे वेचून नव्हे. एका अख्ख्या लेखकाचा किंवा एका अख्ख्या पुस्तिकेचा मजकूर राखून ठेवा. एकाच माणसाची वाक्यं दोन्हीकडे पडली की त्याच्या लकबी दोन्हीकडे येतात आणि आकडा फुगतो.

दुसरं, कुठल्याही भाषेच्या छोट्या संग्रहात वेगळ्या शब्दांपैकी साधारण निम्मे एकदाच आलेले असतात. टंकनाच्या चुकाही बहुतेक एकदाच येतात. म्हणून ‘एकदा आला तो चुकीचा’ हा नियम मोठ्या भाषांना परवडतो, तुम्हाला नाही. गाळणी अशी लावा: दोन वेगळ्या लेखकांत आलेला शब्द थेट यादीत, बाकीचे सगळे भाषेच्या जाणकारासमोर. एका लेखकानं ४० वेळा लिहिलेला शब्दही दुसऱ्या गटातच. ती त्याची सवय असू शकते.

शेंगाचटणी | शुक्रवार, रात्री १०:३०

यादी करायच्या आधी मजकूर धुवून घ्या. नाहीतर डोळ्याला एक दिसणारे दोन शब्द यादीत बसतात आणि अर्ध्या लोकांना बरोबर शब्दाखाली रेघ दिसते.

श्रीलिपीचा मजकूर युनिकोडमध्ये आणल्यावर पहिले ३०० शब्द छापील प्रतीशेजारी ठेवून स्वतः वाचा. नेहमी मोडतात त्या जागा: ऱ्हस्व वेलांटी पुढच्या व्यंजनावर जाते, रफार एक अक्षर आधी किंवा नंतर बसतो, अनुस्वार दोनदा येतो. सगळ्यात चोरटी चूक म्हणजे ‘ो’च्या जागी काना आणि मात्रा सुट्टे येणं. पडद्यावर बऱ्याच फॉन्टांत फरक दिसत नाही, पण आत, म्हणजे संगणक साठवतो त्या युनिकोडच्या क्रमांकांत, ०९४बी ऐवजी ०९३ई आणि ०९४७ असे दोन संकेत असतात. ‘आ’च्या जागी अ आणि काना, ‘ओ’च्या जागी अ आणि ो, हेही त्याच जातीचं.

युनिकोडचं प्रमाणीकरण (एनएफसी) चालवलं की हे सुटेल असं वाटतं, पण यातलं काहीही सुटत नाही. एनएफसी फक्त नुक्त्याची घोळदार अक्षरं एकसारखी करतं. बाकीची बदली यादी हातानंच लिहावी लागते. माझ्या मते किमान एवढं:

अ + ा → आ
अ + ो → ओ
अ + ॅ → ॲ
ा + े → ो
र + हलन्त + शून्यरुंदी जोडक (२००डी) → ऱ + हलन्त

शेवटची ओळ मराठीतही छळते. ‘ऱ्हस्व’ हाच शब्द दोन संकेतांनी लिहिला जातो आणि शोधायला गेलं की निम्मे सापडत नाहीत. हा नियम लावून झाल्यावर उरलेले जोडक आणि तोडक (२००सी) काढून टाका. क्रम उलटा केलात तर चंद्रकोरीचा र (‘ऱ्हस्व’मधला) नुसता रफार होऊन बसेल.

छापील पुस्तिकांसाठी टेसरॅक्ट (स्कॅनमधली अक्षरं ओळखणारा प्रोग्राम) वापरा, ३०० डीपीआयला स्कॅन करून. पण मराठीचं मॉडेल लावू नका. ते मराठीवर शिकलेलं असल्यामुळं अनोळखी शब्द ओढून ताणून मराठी करतं, आणि नेमकी तुम्हाला हवी ती गोरमाटी रूपं त्यात मरतात. त्याच्याकडे ‘देवनागरी लिपी’ असं वेगळं मॉडेल आहे, ते घ्या. शिवाय सेटिंगमध्ये लोड सिस्टम डॉग आणि लोड फ्रीक डॉग ही दोन्ही शून्यावर ठेवा. (डॉग म्हणजे कुत्रं नव्हे, शब्दकोश साठवायची एक रचना. कुत्र्यासारखी वागते ते सोडा.)

गड्डा | शुक्रवार, रात्री १०:४१

व्हॉट्सॲपच्या संदेशात निम्मं मराठी असतंय बे. ते कसं वेगळं काढणार? मराठी यादीत सापडला तो शब्द उडवला, असं करून चालतंय का?

काना_मात्रा | शुक्रवार, रात्री ११:०५

नाही चालत. ‘घर’, ‘पाणी’ दोन्हीकडे आहेत, तेच उडतील. शब्द गाळू नका, वाक्य गाळा. प्रत्येक वाक्यात छ, मार, तार, कांयी असले गोरमाटीचे बांधणीचे शब्द किती आणि आहे, नाही, आणि, माझा असले मराठीचे किती, ते मोजा. ज्या बाजूचे जास्त त्या भाषेचं वाक्य. दोन्ही शून्य असतील तर वाक्य बाजूला. असे १५-२० शब्द दोन्हीकडचे घेतले तरी काम भागतं, कारण हे शब्द फार वेळा येतात.

आणि फोन नंबर, माणसांची नावं या टप्प्यावरच काढा. आडनावं मात्र ठेवायची: राठोड, चव्हाण, पवार, जाधव, आडे. गावांची नावं वेगळ्या फाइलीत, पण त्यांनाही प्रत्यय लागले पाहिजेत.

पाच्छापेठ | शनिवार, सकाळी ७:२०

४० हजार शब्द कमी वाटत असतील तर सीमेपलीकडं बघा. विजापूर-गुलबर्ग्याकडे हीच भाषा कन्नड लिपीत लिहितात, तेलंगणात तेलुगू लिपीत. सोलापुरात या दोन्ही लिपी वाचणारी माणसं शोधायला लांब जावं लागत नाही, पूर्वभागात गल्लोगल्ली आहेत.

युनिकोडमध्ये या लिप्यांचे तक्ते एकाच आराखड्यावर मांडलेत. कन्नड अक्षराच्या संकेतातून ८९६ वजा केले की देवनागरी मिळतं, तेलुगूतून ७६८ वजा केले की देवनागरी. दहा ओळींचा प्रोग्राम. पण तीन ठिकाणी पाय घसरतो.

कन्नड आणि तेलुगूत ए आणि ओ ऱ्हस्व-दीर्घ दोन्ही आहेत. ऱ्हस्व वजा करून आला की देवनागरीत ऎ आणि ऒ अशी अक्षरं येतात, जी आपल्या कीबोर्डवर नाहीत आणि इकडं कुणी लिहीत नाही. ती साध्या ए-ओ मध्ये बदला, मात्रांसकट.

कन्नडमधला दीर्घ ओ कधी कधी तीन तुकड्यांत साठवलेला असतो. त्यातलं दीर्घत्वाचं चिन्ह ०सीडी५, त्यातून ८९६ गेले की ०९५५, म्हणजे देवनागरीतलं भलतंच चिन्ह. म्हणून वजाबाकीच्या आधी एनएफसी चालवायचं. इथं ते खरंच उपयोगी पडतं.

तिसरं लिपीचं नाही, सवयीचं. तिकडचा लेखक कन्नड शाळेत शिकलेला, इकडचा मराठी शाळेत. ऱ्हस्व-दीर्घ, ल-ळ, न-ण यांच्या निवडी शाळेतून आलेल्या असतात. त्यामुळं तिकडचे शब्द थेट यादीत घालू नका. ‘असा शब्द आहे’ याचा पुरावा म्हणून घ्या, लेखन इकडच्या जाणकाराकडून ठरवा.

काना_मात्रा | शनिवार, सकाळी ९:१५

आता दुसरा प्रश्न. गोरमाटीला हनस्पेल पुरेल. लास्लो नेमेथ यांनी ते हंगेरियनसाठी बांधलं, प्रत्ययांनी लदलेल्या भाषेसाठीच, आणि लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, क्रोम तिन्हीकडे तेच इंजिन चालतं. दोन फाइली लागतात: डिक म्हणजे मूळ शब्द, एएफएफ म्हणजे प्रत्ययांचे नियम. खाली आज्ञा नागरीत लिहितोय, फाइलीत त्या रोमन मोठ्या अक्षरांत टाका.

सेट यूटीएफ-८
फ्लॅग यूटीएफ-८
एसएफएक्स र वाय ३
एसएफएक्स र ० ेर [^ािीुूेैोौंः्]
एसएफएक्स र ो ेर ो
एसएफएक्स र ० र [ािीुूे]

एसएफएक्स म्हणजे प्रत्ययाची आज्ञा. तिची पहिली ओळ मथळा: नियमाचं नाव ‘र’, खाली ३ ओळी. मग प्रत्येक ओळीत क्रमानं काय काढायचं (० म्हणजे काहीच नाही), काय लावायचं, आणि शब्दाचा शेवट कसा असेल तरच. व्यंजनान्त घर → घरेर, तांडो → तांडेर, याडी → याडीर. याच सांच्यात म, न, ती हे प्रत्यय आणखी ९ ओळींत बसवा आणि मथळ्यात १२ लिहा. मग डिक फाइलीत ‘घर/र’ एवढंच लिहायचं. २००० नामं अशी घातली की मूळ धरून १०,००० रूपं ओळखली जातात. चाळीस हजार शब्दांच्या मजकुरातून ती सगळी रूपं कधीच सापडली नसती. तुमची खरी कमाई इथं आहे, शब्द गोळा करण्यात नाही.

चुका कुठं होतात: अट अक्षरांवर चालत नाही, संकेतांवर चालते. ‘घर’चा शेवट र, ‘तांडो’चा शेवट ‘ड’ नव्हे, ‘ो’. चौकोनी कंसात हलन्त आणि अनुस्वार विसरले तर विचित्र रूपं तयार होतात. डिक फाइलीची पहिली ओळ शब्दांची संख्या असते, ती नसेल तर फाइल घेतच नाही. मधोमध बदलणारे शब्द असतील तर मराठीतल्या कापूस → कापसाला सारखं करावं लागतं: ‘ूस’ काढा, ‘साला’ लावा, अट ‘ूस’.

नियम लिहून झाले की हनस्पेलसोबत येणारा अनमंच चालवा. तो रूपं उलगडून देतो, देवनागरी नियमांवर अडला तर सोबतचा वर्डफॉर्म्स वापरा. त्यातली २०० यादृच्छिक रूपं जाणकाराला मोठ्यानं वाचून दाखवा. वाचून दाखवा म्हणतोय, दाखवा नव्हे. कागदावर बघितलं की माणूस ‘असेल बुवा’ म्हणतो. कानाला खोटं रूप लगेच कळतं.

तांडेवाली | शनिवार, दुपारी १:३०

याडीर बरोबर आहे, तांडेर पण. पण ‘तांडा’ असंही लिहितात, मराठी शाळेमुळं. त्याचं काय करणार? शिवाय छ आणि च. काहीजण ‘जारो छ’ लिहितात, काहीजण ‘जारोच’, काही ‘जारोछ’. तिन्ही लिहिणारी माणसं आमचीच.

गड्डा | शनिवार, दुपारी १:५२

एक ठरवून टाका की. मराठीचं शुद्धलेखन १९६२ ला साहित्य महामंडळानं ठरवलंच ना, १९७२ ला अजून चार नियम घातले. सगळ्यांनी मानलं. सगळंच बरोबर धरलं तर चेकर कशाला मग?

तांडेवाली | शनिवार, दुपारी २:१०

दादा, महामंडळानं ठरवलं. एका फाइलीनं नाही. २०११ च्या जनगणनेत आमची भाषा हिंदीच्या खात्यात मोजली, शाळेत मराठीच्या. आता लाल रेघ आमच्याच लिहिण्याखाली यायला लागली तर पोरं म्हणतील आपल्याला आपली भाषा येत नाही, आणि मराठीत लिहायला लागतील.

शेंगाचटणी | शनिवार, दुपारी ३:४०

ताईंचं बरोबर आहे, आणि गड्डाचा प्रश्नही खोटा नाही. दोन्ही साधतं, फक्त निर्णय डिक फाइलीत लिहायचा नाही. वेगळा तक्ता ठेवा, साध्या स्प्रेडशीटमध्ये. रकाने: शब्द, पर्यायी लेखन, किती वेगळ्या लेखकांत दिसलं, प्रकार. प्रकार तीनच. चूक म्हणजे बोट घसरलं, कुणीच जाणूनबुजून तसं लिहीत नाही. लेखनभेद म्हणजे छ/च, इ/ई, जोडून/तोडून. बोलीभेद म्हणजे उच्चारच वेगळा.

मग एका छोट्या प्रोग्रामनं या तक्त्यातून दोन कोश काढा. सैल कोशात लेखनभेद आणि बोलीभेद दोन्ही बरोबर. ठाम कोशात लेखनभेदातलं एकच रूप, पण बोलीभेद तरीही बरोबर. पुस्तक छापणाऱ्यानं ठाम वापरावा, व्हॉट्सॲपवाल्यानं सैल. उद्या समाजानं बसून काही ठरवलं तर तक्त्यातला एक रकाना बदलायचा, पाच मिनिटांत नवा कोश. निर्णय डिक फाइलीत मिसळला असेल तर तेच काम पहिल्यापासून.

जोडून-तोडून लिहिण्याबद्दल मात्र आधीच सांगतो: हनस्पेल एकेक शब्द सुटा बघतं. ‘जारो’ आणि ‘छ’ दोन्ही यादीत असले की ‘जारो छ’ पास होणारच. ठाम कोशात ‘जारोछ’ हेच हवं असं ठरलं तरी तुटक लेखन ते पकडू शकत नाही. ते व्याकरण तपासणीचं काम.

काना_मात्रा | शनिवार, दुपारी ४:०५

वरच्यात भर. एएफएफ फाइलीतल्या आरईपी (बदली) आणि मॅप (सारखी अक्षरं) या दोन आज्ञांबद्दल गैरसमज फार. ‘आरईपी च छ’ लिहिलं म्हणजे च चालून जातो असं नाही, फक्त सुचवण्यांत छ वर येतो. मॅपमध्ये िी, ुू, लळ, नण अशा जोड्या टाका, सुचवण्या एकदम सुधारतात. ठाम कोशात, हनस्पेल १.७ पासून, शब्दापुढं ‘पीएच:’ लिहून नेहमीचं पर्यायी लेखन देता येतं, मग तीच सुचवणी पहिली येते.

आणि कोश फुगवू नका. टंकनाची चूक सहसा एखाद-दुसऱ्या अक्षराची असते. दोन-तीन अक्षरी दुर्मिळ शब्द भरभरून घातले की रोजच्या शब्दाची चूक त्यातल्या कुणाशी तरी जुळते आणि रेघच येत नाही. म्हणून गीतांतले जुने शब्द आधी वेगळ्या फाइलीत ठेवा, लोक वापरतात का बघा.

पाच्छापेठ | शनिवार, संध्याकाळी ६:३०

हीच पद्धत कैकाडी किंवा वडारीला लागेल का, कुणी विचारायच्या आधी सांगतो: जशीच्या तशी नाही. कैकाडी तमिळच्या बाजूची, वडारी तेलुगूचं रूप. दोन्ही द्राविडी, प्रत्ययावर प्रत्यय चढतात. हनस्पेल एका शब्दावर प्रत्ययांचे दोन थर सोडवतं. तिसरा आला की दोन प्रत्यय एकत्र शिवून लिहावे लागतात आणि ओळी गुणाकारानं वाढतात. तिथं एचएफएसटी हे शब्दरूपांचे नियम चालवणारं साधन बघा, फिनलंडचं. नॉर्वेत ट्रोम्सो विद्यापीठातली मंडळी सामी भाषांचे तपासनीस याच वाटेनं करतात, कारण सामीत प्रत्ययासोबत शब्दाच्या पोटातलं व्यंजनही बदलतं. त्यांची सगळी रचना खुली आहे, नव्या भाषेसाठी सांगाडा तयार मिळतो. तोटा एवढाच की वापरणाऱ्याला वेगळं इंजिन बसवावं लागतं. गोरमाटीला तो खटाटोप नको.

सातरस्ता | पुढचा शुक्रवार, रात्री ८:५०

तक्ता केला, सैल कोश तयार आहे. राखून ठेवलेल्या पुस्तिकेवर ओळख ९१ टक्के. पण लिब्रेऑफिसचं एक्स्टेन्शन बसत नाही, आणि एकदा बसलं तेव्हा मजकुराखाली एकही रेघ आली नाही.

शेंगाचटणी | शुक्रवार, रात्री ९:१०

दोन वेगळ्या चुका आहेत. ओएक्सटी म्हणजे साधी झिप फाइल. बहुतेक तुम्ही फोल्डरवर उजवी टिचकी मारून झिप केली, त्यामुळं आत आधी एक फोल्डर आलं. मेटा-इन्फ, डिस्क्रिप्शन, डिक्शनरीज आणि दोन कोश फाइली झिपच्या मुळाशीच हव्यात. फोल्डरच्या आत जाऊन सगळं निवडा आणि मग झिप करा. डिक्शनरीज फाइलीत भाषेचा कोड एलएमएन-आयएन (लमाणी-भारत), मध्ये आडवी रेघ. खालची रेघ फक्त फाइलींच्या नावात चालते.

रेघ न येणं: देवनागरी मजकूर ‘जटिल लिपी’च्या खात्यातून तपासला जातो. पर्यायांत भाषा विभागात जाऊन ती खूण चालू करा आणि त्या खात्यात भाषा लावा. पाश्चात्त्य खात्यात लावली की काहीच होत नाही, चूकही दाखवत नाही. यादीत भाषेच्या नावाऐवजी नुसता कोड दिसला तर घाबरू नका.

९१ टक्क्यांसाठी: हनस्पेल उणे एल लावून राखीव नव्हे, बाकीच्या मजकुरातले न ओळखलेले शब्द काढा, वारंवारतेनं लावा, वरचे २०० बघा. त्यात बहुतेक क्रियापदांची रूपं असतील. नामांचे नियम लिहिले, क्रियापदांचे राहिले, हे नेहमीचं.

सातरस्ता | शनिवार, सकाळी १०:०५

बसलं, रेघा आल्या. क्रियापदंच निघाली. आता एक नवीन: घरेती बरोबर दाखवतंय, तांडेती लाल. आणि च लिहिल्यावर छ सुचवतही नाही.

काना_मात्रा | शनिवार, सकाळी १०:२०

‘र’च्या मथळ्यात आकडा किती लिहिलाय? खाली ओळी मोजा.

सातरस्ता | शनिवार, सकाळी १०:२६

मथळ्यात ११. ओळी १२.

काना_मात्रा | शनिवार, सकाळी १०:२८

१२ करा. जादा ओळ ते नवा मथळा समजून वाचायला जातं, अडखळतं, आणि तिच्याखालचं काही धड घेत नाही. तुमचे आरईपी तिच्याखालीच असणार.

तांडेवाली | शनिवार, सकाळी ११:१५

झालं की फाइल इथं टाका. मुळेगाव तांड्यावरच्या दोघीतिघींना देते, बघू त्यांच्या लिहिण्याखाली किती लाल येतंय.